सोनं शोधताना जुनं नाणं लागलं, तर तिथेच थांबा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या सोन्याच्या पट्ट्यात परवाना काढून दोन दिवस डिटेक्टर, म्हणजे जमिनीतला धातू शोधणारं यंत्र, फिरवला, पण सोन्याचा कणही मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी ओघळीच्या वरच्या सपाटीवर, चार बोटं खोलीवर एक पातळ, काळं पडलेलं चांदीचं नाणं निघालं. तिथून दोन हातांवर मधोमध चौकोनी भोक असलेलं एक पितळी नाणं निघालं. दोन्ही वेळा यंत्राने सोन्यासारखाच आवाज दिला. असं का झालं, नाणी साफ करावीत का, आणि तिथेच शोधत राहावं की जागा बदलावी, हे तुम्ही विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक जण नेमके तिथे चुकतात. जागा सोडू नका.

गेली वीस वर्षं मी सोन्यासाठीच डिटेक्टर चालवतोय. नाण्यांच्या मागे कधी लागलो नाही, तीच माझ्या वाटेत येत गेली. पहिली काही वर्षं नाणं निघालं की ते खिशात टाकायचं, "आजही सोनं नाही" असं म्हणायचं आणि पुढची ओघळ गाठायची, हाच माझा शिरस्ता होता. त्यात मी काय गमावलं, ते फार उशिरा कळलं. जुन्या पट्ट्यांमध्ये गेली चाळीस-पन्नास वर्षं लोक डिटेक्टर फिरवत आहेत. चार बोटं खोलीवरचं चांदीचं नाणं जुन्यातल्या जुन्या यंत्रालाही सहज ऐकू येतं, आणि ऐकू आलं की माणूस खणतोच. म्हणजे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी पडलेलं नाणं इतक्या वर अजून जागेवर असेल, तर जमिनीच्या त्या तुकड्यावरून कुणाची कॉइल (यंत्राच्या दांड्याच्या टोकाचं, जमिनीवरून फिरवायचं चपटं तबक) गेलेली नसण्याची शक्यता खूप मोठी. सगळेजण ओघळीच्या तळाशी गर्दी करतात आणि वरची सपाटी तशीच राहते. तुम्ही हात न लागलेल्या जमिनीवर उभे आहात आणि ते तुम्हाला त्या नाण्याने सांगितलंय. सोनं शोधणाऱ्याला याहून मोलाची खबर दुसरी नाही.

याला एक अपवाद आहे. सपाटीवरून पावसाचं पाणी वाहत असेल आणि वरची माती नुकतीच धुपून गेली असेल, तर पूर्वी खोल असलेलं नाणं आता वर आलेलं असतं. तसं असलं तरी निष्कर्ष तोच राहतो: जे आधी यंत्राच्या टप्प्याबाहेर होतं ते आता टप्प्यात आलंय.

एक प्रसंग सांगतो. एका कोरड्या घळीत दिवसभर नुसते बुटांचे खिळे आणि शिशाच्या गोळ्या निघत होत्या. संध्याकाळी परतताना, घळीपासून वीसेक पावलं वर, एका सपाट दगडाजवळ बारीक पण स्वच्छ सिग्नल आला. माती बाजूला केली तर ढेकळातून एक पिवळी कड डोकावत होती. अगदी सारख्या अंतरावर पाडलेले दाते होते त्या कडेला. निसर्गाच्या सोन्याला दाते नसतात. ते अर्ध्या सॉव्हरिनचं, म्हणजे ब्रिटिश सोन्याचं नाणं होतं. जमिनीत इतकी वर्षं पडूनही कालच टांकसाळीतून आल्यासारखं पिवळंधमक. दुसऱ्या दिवशी मी घळीत उतरलोच नाही. त्या दगडाभोवती सुतळीने पट्टे आखले आणि सगळा दिवस तिथेच काढला. दगडाच्या खालच्या उताराला पाच छोटे नगेट, म्हणजे सोन्याचे नैसर्गिक खडे मिळाले, सगळे मिळून साडेचार ग्रॅम. त्या घळीत माझ्या आधी कित्येक जण येऊन गेले होते, पण तो उतार कुणी पाहिला नव्हता.

तेव्हा तुम्हीही तेच करा. दोन्ही नाण्यांच्या जागा खुणेच्या काठीने पक्क्या करा आणि त्यांच्या भोवती दहा-बारा मीटरचा चौकोन आखा. कॉइलचा प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढला पाहिजे. हात हळू चालवा आणि कॉइल जमिनीला जवळजवळ टेकलेली ठेवा. एक दिशा पूर्ण झाली की त्याच चौकोनात काटकोनात पुन्हा फिरा, कारण उभं रुतलेलं नाणं किंवा लांबट नगेट एका दिशेने गप्प बसतं आणि दुसऱ्या दिशेने बोलतं.

मात्र नाण्याच्या बरोबर खाली सोनं असेल अशी आशा धरू नका. सोनं पाणी ठरवेल तिथे बसतं. ते मातीपेक्षा आणि गारगोटीपेक्षा फार जड असतं. शुद्ध सोन्याची घनता १९.३, तर गारगोटीची २.६५ च्या आसपास. त्यामुळे प्रवाह मंदावतो त्या आतल्या वळणावर, खडकाच्या फटीत, चिकणमातीच्या थरावर ते अडकतं. नाणं पडतं ते माणूस बसतो, वाकतो, झोपतो, पैसे मोजतो तिथे. नाणं म्हणजे मुक्कामाची खूण. पण खाणकामगार मुक्काम टाकायचा तो कामाच्या जवळच. म्हणून नाण्यावरून मुक्काम ओळखायचा आणि तिथून काम कुठे चाललं असेल याचा माग काढायचा. आजूबाजूला चुलीचे काळवंडलेले दगड, जाड हिरवी काच, निळ्या नक्षीच्या चिनी मातीच्या बशांचे तुकडे, मातीच्या चिलमीची नळी, चौकोनी खिळे दिसतात का पाहा. ते दिसले तर झोपडीची जागा सापडली. आता तिथून ओघळीकडे जाणारी सर्वांत सोपी वाट कोणती असेल त्या दिशेने तपासत जा. खाली बघत चालताना जुन्या विहिरीसारख्या उभ्या खाणींचं भान मात्र ठेवा. झुडपांनी तोंड झाकलेली अशी खाण पाऊल पडेपर्यंत दिसत नाही.

आता आवाजाचं. यंत्राने तुम्हाला फसवलं नाही. कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, त्याने धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात, आणि ते किती जोरात उठतात व किती वेळात विरतात हे यंत्र ऐकतं. धातूचं नाव त्याला कळत नाही. आकार, जाडी आणि वीजवाहकता यांचा एकत्रित परिणाम तेवढा कळतो. चांदीची वाहकता १०० धरली तर तांब्याची ९५ च्या जवळ आणि शुद्ध सोन्याची ७० च्या आसपास येते. पण खाणीतलं सोनं शुद्ध नसतं, त्यात चांदी मिसळलेली असते. मिश्रधातूची वाहकता त्याच्या दोन्ही घटकांपेक्षा बरीच कमी असते. त्यात नगेट ओबडधोबड, म्हणून सिग्नल आणखी खाली सरकतो. दुसऱ्या बाजूने पातळ, लहान चांदीच्या नाण्यातले प्रवाह जाड नाण्याच्या मानाने लवकर विरतात. अशा रीतीने दोघांचेही सिग्नल खाली सरकत एकाच टोनवर भेटतात. इंग्रजी चांदीचं तीन पेन्सचं नाणं १६ मिलिमीटर व्यासाचं आणि १.४ ग्रॅमचं असतं, आणि अमेरिकेचं जुनं हाफ डाइम त्याहूनही किंचित लहान. ही दोन्ही नाणी पल्स इंडक्शन (जमिनीत चुंबकीय क्षेत्राचे ठोके सोडणाऱ्या) यंत्रावर छोट्या नगेटसारखीच बोलतात. तुमचं काळं नाणं याच मापाचं असावं, व्यास मोजून बघा.

भोकाचं नाणं ओतीव पितळेचं असतं आणि त्यात बऱ्याचदा शिसंही असतं. त्यामुळे त्याची वाहकता मुळातच कमी. तेही सोन्याच्या पट्ट्यात पडलं यात नवल नाही.

यावरून नियम एकच: जुन्या पट्ट्यात धातूधातूंत भेद करून काही सिग्नल गाळणारी सेटिंग बंद ठेवा आणि प्रत्येक सिग्नल खणा. धातू कोणता असावा हे सुचवणारा यंत्राच्या पडद्यावरचा आकडा उथळ, मऊ मातीत ठीक असतो. लोहयुक्त लाल मातीत, थोड्याशा खोलीवरही तो घसरत घसरत लोखंडाकडे जातो. आकड्यावर विसंबून मी एका हंगामात किती काय सोडलं असेल, याचा हिशेब आता लागणार नाही.

ही नाणी तिथे आली कशी, याकडे वळतो. मला या सगळ्यातला हाच भाग सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. जानेवारी १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात, १८५१ मध्ये ऑस्ट्रेलियात, १८६१ मध्ये न्यूझीलंडच्या ओटागोत, १८९६ मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइकला सोनं सापडलं आणि दर वेळी जगभरची माणसं तिकडे धावली. प्रत्येकाच्या कमरेला त्याच्या मुलखाचा पैसा होता. नव्या वस्तीत सुट्ट्या पैशांची चणचण असायची, त्यामुळे धातू चांगला असेल तर परकं नाणंही चालून जायचं. लंडनची टांकसाळ दूर पडते म्हणून सिडनीत १८५५ मध्ये टांकसाळ सुरू झाली. १८७२ मध्ये मेलबर्नला आणि १८९९ मध्ये पर्थला सुरू झाली. एखाद्या ओघळीतून उपसलेलं सोनं टांकसाळीत जाऊन सॉव्हरिन होऊन परत त्याच ओघळीकाठी मजुरी म्हणून आलं आणि फाटक्या खिशातून पुन्हा मातीत गेलं, असंही झालं असेल. हातात नाणं असताना हा विचार आला की मला अजून गलबलून येतं.

तुमचं भोकाचं नाणं चीनमधून आलेल्या खाणकामगारांचं आहे. ही नाणी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅलिफोर्निया अशा सगळ्या जुन्या पट्ट्यांत निघतात. बाहेरच्या बाजारात त्यांना फारशी किंमत नव्हती, पण फान-तान नावाच्या जुगारात मोजायच्या सोंगट्या म्हणून ती वापरली जायची. म्हणून जिथे एक निघतं तिथे आणखी निघण्याचा संभव असतो. दुसऱ्या लोकांनी मागे टाकलेल्या जमिनीतून चिनी कामगार चिकाटीने सोनं काढायचे, हेही लक्षात असू द्या. त्यांनी धुतलेल्या गाळात बारीक सोनं क्वचितच उरतं. पण नगेट धुण्यात सापडायचा प्रश्नच येत नाही अशा, मुळीच न खणलेल्या कडा त्यांच्या मुक्कामाभोवती असतात. मी तिथे बघतो.

त्या नाण्यावर कांगशी या चिनी बादशहाचं नाव निघालं, तर "सतराव्या शतकात इथे चिनी लोक आले होते" असं कृपा करून लिहू नका. कांगशीची कारकीर्द १६६२ ते १७२२. पण त्याची नाणी पुढची दीडशे वर्षं व्यवहारात फिरत होती. आपल्याकडे शिवराईचं तसंच झालं, छत्रपतींच्या नावाची नाणी त्यांच्या पश्चात शतकाहून अधिक काळ पाडली आणि वापरली जात होती. नाण्यावरचा काळ एवढंच सांगतो की ते त्याआधी पडलेलं नाही. नंतर किती वर्षांनी पडलं ते झिजेवरून अंदाजाने ठरवायचं. अक्षरांच्या धारा बोटाला लागत असतील तर ते फार फिरलेलं नाही. राजाचा चेहरा गुळगुळीत झाला असेल तर कितीतरी हातांतून गेलंय.

आता साफसफाई. इथे माझ्या हातून झालेली चूक आधी सांगतो. एकदा पाच-सहा ग्रॅमचा चांदीचा शिलिंग निघाला, काळ्या पुटाखाली राणीचा चेहरा स्पष्ट उठून दिसत होता. तारीख वाचायची घाई झाली आणि मी अंगठ्याने खसखसून पुसला. बोटाखाली ओली वाळू होती. घरी भिंगाखाली पाहिलं तर राणीच्या गालावर समांतर ओरखड्यांची जाळी उमटली होती. वाळू म्हणजे गारगोटीच. मोहस् मोजपट्टीवर तिचा कठीणपणा ७, तर चांदीचा आणि सोन्याचा २.५ ते ३. दीडशे वर्षं मातीने ज्याला धक्का लावला नाही, ते मी पाच सेकंदांत खराब केलं. त्या दिवसापासून सापडल्या जागी कुठलंही नाणं मी पुसत नाही.

सोनं शोधणाऱ्याला हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आपल्या सवयीच नाण्याला घातक असतात. आपण कुदळीने दणादण खणतो, माती प्लॅस्टिकच्या स्कूपमध्ये भरतो, निम्मी टाकतो, उरलेली खडखड हलवतो. नगेटला त्याने काही होत नाही. नाणं मात्र त्या खड्यांबरोबर घासलं जातं. म्हणून सिग्नल जवळ आला की कुदळ बाजूला ठेवा, पिनपॉइंटरने (हातात धरायच्या छोट्या डिटेक्टरने) नेमकी जागा धरा, कडेने खणून ढेकूळ अख्खं उचला आणि हाताने फोडा. नाणं दिसलं की मातीसकट छोट्या डबीत ठेवा. डबीवर क्रमांक, खोली आणि जीपीएसची नोंद करा. खड्ड्यात असतानाच एक फोटो घ्या. मग खड्डा आणि बाजूला काढलेली माती, दोन्ही पुन्हा तपासा. खिसा किंवा थैली फाटते तेव्हा एकच नाणं पडत नाही.

घरी आल्यावर सोन्याच्या नाण्याला साधं पाणी पुरतं. चांदीचं नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक-दोन दिवस ठेवा, पाणी बदला, माती आपसूक सुटेल तेवढीच सुटू द्या, मग मऊ कापडावर टिपून घ्या. टिपा, पुसू नका. काळा रंग हा चांदीवरचा सल्फाइडचा थर असतो. कुठे हिरवी झाक दिसली तर ती चांदीत मिसळलेल्या तांब्याची. जुन्या स्टर्लिंग चांदीत ७.५ टक्के तांबं असतं. अॅल्युमिनियमची फॉइल आणि सोड्याच्या पाण्याने काळेपणा जातो हे खरं, पण खाली उरतो तो पांढरट, निर्जीव पृष्ठभाग. जाणकार तो लगेच ओळखतो. मी चांगल्या नाण्यावर तो उपाय करत नाही.

तांब्या-पितळेच्या बाबतीत तर आणखी सांभाळा. लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर यांतलं काहीही नको. अशा नाण्यात मूळ अक्षरं बऱ्याचदा धातूत उरलेलीच नसतात, ती वरच्या हिरव्या-तपकिरी थरातच टिकून असतात. आम्लाने तो थर गेला की अक्षरं गेली आणि हाती लाल, खड्डे पडलेली चकती राहते. तुमचं भोकाचं नाणं कोरडं होऊ द्या आणि लाकडी काडीच्या टोकाने, भिंगातून बघत, सुटी माती तेवढी उचला. एखाद्या अक्षरासाठी अर्धा तास गेला तरी चालेल. पुढे काही आठवड्यांत त्यावर फिकट हिरवी, पावडरसारखी भुकटी फुटायला लागली तर तो धातूचा रोग समजा. मातीतले क्लोराइड धातूत शिरलेले असतात आणि हवेतली ओल मिळाली की आतून कुरतडत राहतात. स्थिर हिरवा थर कठीण आणि गुळगुळीत असतो, हा मऊ असतो आणि काडीने झडतो. असं नाणं बाकीच्यांपासून वेगळं करा, सिलिका जेलबरोबर हवाबंद डबीत कोरडं ठेवा आणि संग्रहालयाच्या संवर्धकाला दाखवा. ठेवताना मऊ पीव्हीसीच्या पाकिटात कुठलंच नाणं ठेवू नका. त्या प्लॅस्टिकमधून सुटणारे पदार्थ वर्षा-दोन वर्षांत नाण्यावर चिकट हिरवा थर आणतात. साधं आम्लरहित कागदी पाकीट बरं.

पुढे कधी सोन्याचं नाणं निघालं तर आपल्याकडे नगेट तोलायचा काटा असतोच, तोच कामी येतो. पूर्ण सॉव्हरिन ७.९९ ग्रॅमचा, व्यास २२ मिलिमीटर, २२ कॅरेट. अर्धा ३.९९ ग्रॅमचा. त्या काळातही सोन्याचा मुलामा दिलेली खोटी नाणी चालत होती, म्हणून वजन आधी बघा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा आणि दोऱ्याने बांधलेलं नाणं तळाला न टेकवता पाण्यात बुडवा. २२ कॅरेटच्या पूर्ण सॉव्हरिनला काटा ०.४५ ग्रॅमच्या आसपास दाखवेल. पितळेचं असेल तर याच्या दुपटीजवळ जाईल, कारण त्याच वजनाचं पितळ जास्त जागा व्यापतं. वजन पटलं की भिंग घेऊन टांकसाळीचं अक्षर शोधा: सिडनीचं एस, मेलबर्नचं एम, पर्थचं पी. ढालीच्या छापाच्या सॉव्हरिनवर ते बहुधा ढालीच्या खाली असतं. घोडेस्वाराच्या छापावर जुन्या नाण्यांत राणीच्या मानेखाली आणि १८८७ पासूनच्या नाण्यांत साल लिहिलंय त्याच्या वरच्या जमिनीच्या रेषेवर. तेच साल, पण वेगळं अक्षर, एवढ्यावर नाण्याची दुर्मिळता पार बदलू शकते. म्हणून सोनाराकडे आटवायला किंवा लॉकेटला कडी लावायला देण्याआधी थांबा. एकदा कडी जोडली की ते नाणं राहत नाही, सोन्याचा तुकडा होतो.

एका गोष्टीवर मला तुमचं लक्ष आग्रहाने वेधायचं आहे. तुम्ही काढलेला परवाना सोन्याचा, म्हणजे खनिजाचा आहे. नाणं खनिज नाही. बहुतेक देशांत जुन्या वस्तूंचा कायदा वेगळा असतो आणि तो देशागणिक बदलतो. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याने ३०० वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची दोन किंवा अधिक नाणी एकत्र सापडली तर कळवणं बंधनकारक आहे. भारतात १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तुम्ही जिथे आहात तिथला नियम आधी वाचा. जमीन खाजगी असेल तर मालकाशी करार करताना सोनं आणि नाणी यांची वाटणी वेगवेगळी लिहून घ्या. सोन्याच्या कणांवरून क्वचित भांडणं होतात, एका सॉव्हरिनवरून वर्षानुवर्षांची ओळख तुटलेली मी पाहिली आहे.

आणि एकाच खड्ड्यात नाण्यांमागून नाणी निघू लागली, तर खणणं बंद करा. १९९२ मध्ये इंग्लंडात हॉक्सनला एक निवृत्त गृहस्थ शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी शोधायला डिटेक्टर घेऊन गेले. नाणी आणि चांदीचे चमचे निघायला लागल्यावर त्यांनी हात आवरला आणि कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी ते जागच्या जागी, थर सांभाळून काढलं. रोमन काळातली सुमारे १५,००० सोन्या-चांदीची नाणी. ऐवज न विस्कटता निघाल्यामुळे तो लाकडी पेटीत कसा रचून ठेवला होता हेसुद्धा समजलं. हातोडीही मिळाली, ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या मुलखात २०१३ मध्ये आपल्याच जमिनीत फिरणाऱ्या एका जोडप्याला गंजक्या डब्यांमधून १,४२७ सोन्याची नाणी मिळाली, १८४७ ते १८९४ या सालांमधली. असे ऐवज सोन्याच्या पट्ट्यांत खरोखर पुरलेले असतात, कारण तिथे पैसा हातात यायचा आणि ठेवायला जागा नसायची.

तुमच्या नाण्यांकडे परत येतो. ती दोन हातांच्या अंतरावर, सारख्याच खोलीवर निघाली, म्हणजे एकाच मुक्कामाची असण्याचा संभव मोठा आहे. तरी त्या दोन्ही नोंदी वेगवेगळ्याच ठेवा. चांदीच्या नाण्याचं साल वाचता येत नसेल तर खोलीत अंधार करून टॉर्च अगदी आडवा, नाण्याच्या पातळीत धरा आणि नाणं हळूहळू फिरवा. सपाट प्रकाशात हरवलेले आकडे सावलीत उठतात. भोकाच्या नाण्यावर चार अक्षरं असतील. वरचं आणि खालचं मिळून बादशहाच्या राजवटीचं नाव होतं. उजवं आणि डावं सामान्यतः सगळ्या नाण्यांवर सारखंच असतं, त्याचा अर्थ चलनी नाणं. मागच्या बाजूला भोकाच्या दोन्ही अंगांना मांचू लिपीतली दोन अक्षरं असतात, त्यांतलं उजवं बहुधा टांकसाळीचं. दोन्ही बाजूंचे फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढा, वरची बाजू वरच राहील याची काळजी घ्या, आणि व्यास व वजनासह मला पाठवा. राजवट कोणती ते मी सांगतो. तोवर खुणेच्या काठ्या उपटू नका.